आधी दिवसाचा भाव काढ, मग चित्राचा

तू विचारलंस ते थोडक्यात असं. फाइन आर्टचं शिक्षण संपून वर्ष झालं. घर सोलापूरच्या पूर्व भागात, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. हातात तीन कामं आली आहेत. होटगी रोडवरच्या एका हॉटेलमालकाला चौदा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत रंगवून हवी आहे. तो चौरस फुटाला ६० रुपये देतो म्हणाला, रंग तुझाच, आणि ‘खाली तुझा नंबर लिही, नाव होईल’ असंही म्हणाला. मामांना आजोबांचं पोर्ट्रेट हवं आहे, वर्षश्राद्धाच्या आत. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही आणि तुला काढवत नाही. शिवाय एक चादर कारखानदार दोन-चार नवीन डिझाइन ‘नुसती दाखव’ म्हणतोय. किती सांगायचं, कसं सांगायचं, आणि घरचे म्हणतात तशी नोकरी बघावी का?

जवळजवळ तीस वर्षं मी याच गावात चित्रांवर घर चालवतोय. दुकानांचे बोर्ड रंगवले, चादरीचे ग्राफ भरले, गणेशोत्सवात मंडळांचे देखावे केले, आता पोर्ट्रेट आणि भिंती करतो. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो.

भाव सांगताना भिडेमुळे जीभ अडखळते असं तू म्हणतेस. मला कारण वेगळं दिसतं. तुझा एक दिवस तुला कितीला पडतो हे तुला माहीत नाही. ज्याला खरेदीचा भाव पाठ असतो तो दुकानदार कितीही भिडस्त असला तरी तोट्यात माल देत नाही.

आईला विचारून बघ. झोपेतून उठवून विचारलंस तरी हजार विड्यांचा दर ती सांगेल, आणि दिवसाला आपल्या हातून किती होतात तेही. पानं भिजवायची, मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंडं बंद करायची, जुड्या लावायच्या. पानं भिजवण्याचे वेगळे पैसे तिला कुणी देत नाही, पण तो वेळ आपला गेला हे तिच्या हिशोबात पक्कं असतं. आणि तो दर काही कुणी आपणहून वाढवलेला नाही. त्यासाठी या गावातल्या बायका उन्हातान्हात मोर्चाला गेल्या आहेत. ज्या घरात असा चोख हिशोब रोज होतो, त्या घरातल्या मुलीने आपल्या कामाचा आकडा हॉटेलमालकाला विचारावा, हे मला पटत नाही.

तेव्हा वही घे. घरात द्यायचा वाटा, समज १०,०००. ब्रश, पेन्सिली, सरावाचे कागद, म्हणजे जे साहित्य कुठल्याही एका कामाच्या नावावर टाकता येत नाही ते, १,५००. मोबाईल आणि पेट्रोल २,०००. दवाखाना, विमा १,०००. मागे टाकायचे ३,५००. झाले १८,०००. हे आकडे मी धरलेले आहेत, तू तुझे घाल.

आता भागायचं कितीने? बहुतेक मुलं महिन्याचे पंचवीस दिवस धरतात. दिवसाला ७२० रुपये येतात आणि बरं वाटतं, कारण तेवढे कुणीही देईल. पण पंचवीस दिवस हातात ब्रश नसतो गं. भिंत बघायला जायचं, कच्चं चित्र करून दाखवायचं, ते नापसंत झालं की दुसरं करायचं, रंग आणायचे, राहिलेल्या पैशांसाठी दोन चकरा मारायच्या, आणि हात चालता राहावा म्हणून स्वतःसाठी काढायचं. माझ्या जुन्या वह्यांत पहिली चार-पाच वर्षं महिन्याला बारा दिवसांच्या वर पैसे मिळवून देणारं काम दिसत नाही. १८,००० ला बाराने भाग. १,५०० येतात. हा तुझा दिवस. ७२० च्या हिशोबाने काम घेणारा मुलगा वर्षभर भरपूर राबतो, घरात पैसे मागतो आणि एक दिवस ‘कलेत काही नाही’ म्हणून सोडून देतो. असे चार-पाच फार चांगले हात मी माझ्या डोळ्यांसमोर जाताना पाहिलेत. त्यातला एक माझ्यापेक्षा चांगलं पाणी काढायचा, म्हणजे सिद्धेश्वर तलावाचं संध्याकाळचं पाणी. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आकडा काढणं एक झालं, तो तोंडातून काढणं वेगळं. ते मी गड्ड्याच्या जत्रेत शिकलो. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर बसून मी माणसांचे चेहरे पेन्सिलने काढायचो. पहिले दोन दिवस चित्र झालं की लोक विचारायचे, किती द्यायचे? मी म्हणायचो, द्या तुमच्या मनाने. कुणी पाच द्यायचं, कुणी दहा, आणि देणाराही अवघडायचा. शेजारी बांगड्यांच्या दुकानावर एक मावशी होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्यासमोर टाकला आणि म्हणाल्या, लिही. मी लिहिलं: ‘चेहरा २० रुपये. दोघांचा ३५. वेळ २० मिनिटे.’ त्या दिवसापासून घासाघीस जवळजवळ थांबली. ‘द्या की ओ पंधराला’ म्हणणारे होतेच, पण ते पाटीकडे बघून म्हणायचे, आणि पाटी काही बदलत नव्हती. लोक आधी पाटी वाचायचे, खिसा चाचपायचे आणि मग बसायचे. बसल्यावर निवांत असायचे. चेहरेही चांगले यायला लागले.

‘तुमच्या मनाने द्या’ ही नम्रता नाही. समोरच्याला आपल्या कामाची किंमत ठरवायला लावणं आहे, आणि ती त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. तुझी पाटी म्हणजे एक पानाचं दरपत्रक. पोर्ट्रेट कुठल्या आकाराचं कितीला, भिंत कशी मोजणार, कच्चं चित्र किती वेळा बदलून देणार. ते मोबाईलमध्ये ठेव आणि विचारणाऱ्याला तोंडी आकडा न सांगता तेच पाठव.

आणि साहित्यावरून भाव काढू नकोस. ‘कागद आणि पेन्सिल तर आहे’ हे वाक्य तुला ऐकायला मिळेलच. आपल्याच जिल्ह्यातले, मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काम करतात. साहित्य म्हणशील तर एवढंच. पण लुगड्याच्या काठावरचा उजेड आणि नाकाच्या बाजूची सावली बघ. सावली म्हणजे तो कागदच असतो, तसाच सोडलेला, आणि कुठे सोडायचा हे कळायला माणसाची वर्षं जातात. दिवस मोज, साहित्य वेगळं लाव.

मामांचं काम. ते कर, आणि पैसे घेऊ नकोस. माझं याबाबतीत मत ठाम आहे. आजोबांचं चित्र पैसे घेऊन केलंस तर ते तुझ्याच मनाला लागेल. पण तुझ्या घरी लग्नकार्यातल्या आहेराची वही असेलच. कुणी पातळ नेसवलं, कुणी किती पाकिटात घातले, सगळं त्यात लिहिलेलं असतं. लिहिलं म्हणून त्या आहेरातली माया कमी होत नाही. तशीच तुझ्या वहीत नोंद कर: ‘मामा. पोर्ट्रेट, १५ बाय २० इंच. सहा दिवस. ९,००० रुपये. आहेर.’ आणि मामांनाही प्रेमाने सांग की माझ्याकडे याचे एवढे होतात, आजोबांचं मात्र माझ्याकडून. हे एकदा बोललीस की मामांच्या मित्राला चित्र हवं असेल तेव्हा मामाच त्याला आकडा सांगतील. वर्षाला असे किती आहेर करायचे हे आधी ठरव. मी दोन करतो. तिसरा आला की सांगतो, पुढच्या वर्षी.

एक कामाची गोष्ट. फोटो व्हॉट्सॲपवर आला असेल तर त्यावरून सुरुवात करू नकोस, तिथे तो दाबला जातो आणि डोळ्यांतलं सगळं जातं. मूळ फोटो हातात घे. शिवाय आजीजवळ अर्धा तास बस. मी एकदा एका गृहस्थांचं पोर्ट्रेट फोटोबरहुकूम केलं, सगळ्यांनी छान म्हटलं, आणि त्यांच्या बायकोने नुसतं एवढंच विचारलं, ‘टोपी एवढी सरळ?’ ते टोपी कायम डाव्या भुवईवर ओढून घालायचे. फोटोसाठी कुणीतरी सरळ केली होती. मी ती घरी नेऊन वाकडी करून आणली. त्यानंतर बाई त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. असं काम वहीत सहा दिवसांत धरलेलं असावं, कारण खरं पोर्ट्रेट तिथेच होतं.

आता चादर. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या गावातल्या चित्रकाराचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, माझंही झालं.

१९९६ साली मी एका डिझायनरच्या हाताखाली ग्राफ भरायचो. तुझ्या वेळेपर्यंत हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं, म्हणून सांगतो. चौकटीच्या कागदावर उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी रेघ म्हणजे बाण्याची एक फेर. ज्या चौकटीत लाल रंग भरायचा तिथे ताण्याचा धागा वर उचलला जाणार. ग्राफ झाला की प्रत्येक आडव्या ओळीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड पंच व्हायचं, ती कार्डं माळेसारखी ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढायची आणि भोक असेल तिथला हूक धागा उचलायचा. एक चौकट चुकली की चादरीत एक टाका चुकणार, आणि तो प्रत्येक चादरीत चुकणार. मी एका कारखानदारासाठी स्वतःचा मोर केला. आधी कागदावर, मग ग्राफवर, अकरा दिवस. त्याने ३५० रुपये दिले आणि मला ते खूप वाटले.

सात-आठ वर्षांनी तुळजापूरला घरच्यांबरोबर मुक्काम होता. धर्मशाळेत अंथरायला चादरी दिल्या. एक उलगडली आणि पिसाऱ्यातल्या डावीकडून तिसऱ्या डोळ्यात एक चौकट खाली सरकलेली दिसली. माझीच चूक होती ती. रात्री दिव्याखाली झालेली, नंतर लक्षात आलेली आणि कुणाला न सांगितलेली. तो मोर इतकी वर्षं विणला जात होता. कारखानदाराने काही चोरलं नव्हतं. मी विकताना काय विकतोय हे विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. मुलं झोपल्यावर मी बराच वेळ त्या चादरीवर हात फिरवत बसलो होतो.

तेव्हा तुला माहीत असावं असं काही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते मानांकन इथल्या चादरीच्या नावाला संरक्षण देतं, तू काढलेल्या मोराला नाही. कागदावरच्या चित्राचा कॉपीराइट नोंदणी न करताही निर्माण होतो. पण कापडावर जाणाऱ्या डिझाइनसाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १५ आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि कॉपीराइटच्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त प्रती काढल्या, तर त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. पन्नास चादरी म्हणजे कारखान्याला फार दिवसांचं काम नाही. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा वर्षं हक्क मिळतो आणि पुढे पाच वर्षं वाढवता येतो. मात्र नोंदणीच्या आधी ते डिझाइन कुठे प्रसिद्ध झालेलं असता कामा नये. म्हणून ‘आज केलेला नवा मोर’ इन्स्टाग्रामवर टाकण्याची घाई करू नकोस. आणि कुणी पैसे देऊन खास त्याच्यासाठी डिझाइन करून घेतलं, तर नोंदणीचा हक्क त्याचा असतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुझी खरी ताकद डिझाइन हातातून जाण्याच्या आधी असते. ‘नुसती दाखव’ म्हणणाऱ्याकडे जाताना जुनी कामं ने, म्हणजे तुझा हात त्याला कळेल. नवं डिझाइन त्याच्यासाठी काढायचं तर आधी रक्कम. मोबाईलमध्ये फोटो काढू देऊ नकोस. प्रत्येक चादरीमागे इतके पैसे असा करार पुस्तकात छान वाटतो, पण किती चादरी निघाल्या हे नव्या मुलीला कुणी मोजू देणार नाही, म्हणून मी तो सुचवत नाही. एकरकमी घे, पण वापर बांधून घे: फक्त चादर, टॉवेल आणि बॅग नाही, अमुक वर्षांपर्यंत. लेखी. कॉपीराइट देण्याचा व्यवहार कायद्याने लेखी आणि सहीनिशीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं. म्हणून छापील कागदात ‘कायमचे, जगभरचे, सर्व हक्क’ असे शब्द असतील तर वाचून घे. ते द्यायचे असतील तर दे, पण त्याचा भाव वेगळा. मी चादरीच्या डिझाइनला दिवसांचा हिशोब करतो आणि सर्व हक्क मागितले तर त्याच्या तिप्पट सांगतो. काही कामं जातात. त्या अकरा दिवसांच्या मोरानंतर मला ती गेलेली चालतात.

नोकरी बघावी का? बघ, पण अर्धा दिवस मोकळा ठेवणारी. घरच्यांची काळजी खोटी नाही, वडिलांनी मंदीत माग बंद पडलेले पाहिलेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांसाठी मुलांचे वर्ग घेता येतात, ते पैसे महिन्याच्या महिन्याला येतात आणि वरच्या हिशोबातले दहा हजार तिथूनच निघाले तर तुला भाव सांगताना धाकधूक होत नाही. बोर्ड, बॅनर, देखावा यांना कमी लेखू नकोस. आपल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून सुरुवात केली. मोठे फटकारे मारायला भीती वाटत नाही ती अशा कामांनी. फक्त मंडळाच्या कामाचे सगळे पैसे प्रतिष्ठापनेच्या आधी घ्यायचे. विसर्जनानंतर वर्गणीची पेटी रिकामी असते, त्यात कुणाचा दोष नसतो, पण तुझे पैसे राहतात. प्रदर्शनं, गॅलऱ्या यांची घाई नको. गॅलरी विक्रीतला मोठा हिस्सा घेते, तेव्हा तिथे लावशील त्याच भावाने घरीही विकता यायला हवं, एवढं आजपासून सांभाळ.

उरली हॉटेलची भिंत.

१४० चौरस फूट. मालकाच्या हिशोबाने ८,४००. तुझा हिशोब कर. जागा बघणं, कच्चं चित्र, त्यात एक बदल, याचे दोन दिवस. भिंत घासून प्रायमर, एक दिवस. आखणी आणि रंग सहा दिवस, शेवटचा हात आणि वार्निश एक दिवस. दहा दिवस, १५,०००. मदतनीस तीन दिवस, ७०० प्रमाणे २,१००. रंग, प्रायमर, ब्रश ४,०००. परांचीचं भाडं १,२००. जाणं-येणं ७००. एकूण २३,०००. फुटाला सुमारे १६५ रुपये. त्याच्या ६० मध्ये साहित्य, परांची, मदतनीस आणि जाणं-येणं वजा केलं तर तुला दहा दिवसांचे चारशे रुपये उरतात. हा आकडा तू काढला नव्हतास, म्हणून तुला ६० थोडे कमी वाटत होते एवढंच.

तो म्हणेल, एवढं बजेट नाही. खरंही असेल. अशा वेळी भाव उतरवायचा नाही, काम उतरवायचं. त्याला मंदिर, तलाव आणि नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, हवे आहेत असं तू लिहिलंस. सगळ्या भिंतीवर गर्दी करण्यापेक्षा मधल्या पन्नास-साठ चौरस फुटांत नंदीध्वज बारकाईने घे आणि बाकीची भिंत एका सपाट रंगात सोड, ती त्याचाच पेंटर मारेल. तुझे दिवस निम्म्यावर येतात, त्याचे पैसेही, आणि माझ्या मते भिंत जास्त चांगली दिसते. नंदीध्वजांच्या उंचीला मोकळं आकाश लागतंच. भाव उतरवून सगळी भिंत केलीस तर सहाव्या दिवशी तुझा हात कंटाळेल आणि तो कंटाळा पुढची दहा वर्षं जेवायला येणाऱ्यांना दिसेल.

‘नाव होईल’ याला रागावू नकोस. नाव तर होईलच, ते तू भिंतीवर लिहिणारच आहेस, त्याने ते रकमेतून वजा करू नये एवढंच. शांतपणे सांग, ‘साहेब, सही तर असतेच.’

होकार आला की अर्धं पान लिहून दोघांच्या सह्या कर. निम्मे पैसे आधी, तीस टक्के आखणी भिंतीवर उतरल्यावर, वीस टक्के काम संपेल त्या दिवशी. कच्च्या चित्रात एक बदल मोफत, पुढच्या बदलाला एक दिवस. भिंतीला ओल निघाली तर दुरुस्तीचे पैसे वेगळे. ही शेवटची ओळ सोडू नकोस. भिंतीच्या मागे मोरी आहे का, खालच्या दीड फुटात पोपडे आलेत का, हे तळहात टेकवून आधी बघ. एका पावसाळ्यानंतर माझं एक चित्र गुडघ्यापर्यंत गळून पडलं होतं आणि मी ते पदरच्या पैशांनी दोनदा केलं, कारण कागदावर काही नव्हतं.

आणि एक ओळ कॉपीराइटची. कित्येक चित्रकारांना वाटतं की चित्र आपलं म्हणजे हक्कही आपलाच. पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, उलट काही ठरलेलं नसेल तर, कायद्याने करून घेणारा असतो. म्हणजे तू काही लिहिलं नाहीस तर तो नंदीध्वज उद्या मेन्यूकार्डावर आणि मिठाईच्या खोक्यावरही जाऊ शकतो, आणि तुला बोलता येणार नाही. लिही: ‘चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे. हॉटेलला ही भिंत आणि तिचे फोटो आपल्या जाहिरातीत वापरण्याची परवानगी.’ मालकाला तेवढंच हवं असतं, सहसा तो नाही म्हणत नाही. (मामांचं पोर्ट्रेट तू पैसे न घेता करणार, त्यामुळे त्याचा हक्क तुझ्याकडेच राहतो.)

हक्क विकला तरी दोन गोष्टी चित्रकाराजवळ राहतात: हे माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार, आणि कुणी त्याची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा केली तर दाद मागण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारविरुद्ध लढले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाखांची भरपाई. तुला कोर्टात जावं लागू नये. पण भिंतीवर सही करताना मागे काय उभं आहे ते माहीत असावं.

सही उजवीकडे खाली करायची पद्धत आहे. तिथे टेबल लागणार असेल तर खुर्चीच्या पाठीमागे ती कायमची झाकली जाईल. परांची उतरायच्या आधी मालकाला टेबलं कुठे लागणार ते विचार, जमिनीपासून चार फूट मोज, आणि तिथे कर.